घरात आला, पण बायकोला हाक मारली नाही : 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' (१९६८)

अबोली

आधीच सांगते, या धाग्यात शेवटापर्यंतची सगळी गोष्ट उघड केली आहे. ज्यांना कोरं राहून बघायचंय त्यांनी आधी बघून यावं, धागा कुठे पळून जात नाही.

परवा रविवारी 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' तिसऱ्यांदा पाहिला. २० फेब्रुवारी १९६८ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागलेला, खास टीव्हीसाठी केलेला हा चित्रपट. लेफ्टनंट कोलंबो या पोलीस तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत पीटर फॉक पहिल्यांदा दिसला तो यातच. 'कोलंबो' मालिका पुढे १९७१ मध्ये सुरू झाली. बरेच जण मालिकेचे भाग बघतात आणि मूळ चित्रपट राहून जातो, म्हणून हा खटाटोप.

गोष्ट थोडक्यात. डॉ. रे फ्लेमिंग हा लॉस एंजेलिसमधला बडा मानसोपचारतज्ज्ञ. बायको कॅरल पैसेवाली आणि तिला नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय याचा वास लागलेला. घटस्फोट झाला तर पैसाही जाणार आणि अब्रूही. बाहेरची ती म्हणजे जोन हडसन, नटी, आणि त्याचीच पेशंट. लग्नाच्या वाढदिवसाच्या पार्टीतच जोनचा फोन येतो, हा पेशंटचं कारण सांगून निघून जातो. परत आल्यावर बायको भडकलेली. हा मेक्सिकोतल्या अकापुल्कोची तिकिटं पुढे करतो, दुसरा मधुचंद्र म्हणून. ती विरघळते. आणि निघायच्या वेळी तो तिचा गळा आवळतो.

मग जोन कॅरलचे कपडे, केसांचा टोप आणि काळा चष्मा घालून त्याच्याबरोबर विमानात बसते. दोघं सगळ्यांसमोर भांडतात, ती तरातरा उतरून जाते, तो एकटा जातो. विमानातल्या माणसांच्या लेखी बायको जिवंत उतरून घरी गेली. घरात चोरी झाल्याचा देखावा आधीच करून ठेवलेला. चोरीला 'गेलेल्या' वस्तू याच्याच बॅगेत, त्या तिकडे समुद्रात बुडवून टाकतो. कुठेही फट नाही.

एवढं सगळं होईपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेलेला असतो आणि आपल्या कोलंबोचा पत्ताच नाही!

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले तो. फ्लेमिंग सुट्टीवरून परत येतो. दाराला किल्ली लावतो, आत येतो, सामान ठेवतो. घरात शांतता. आणि आतल्या खोलीतून एक बुटकासा, गबाळा माणूस बाहेर येतो. मी कोलंबो, पोलिसातला. पुढे बोलता बोलता कोलंबो अगदी भाबडेपणाने विचारतो की डॉक्टर, तुम्ही घरात आलात तेव्हा बायकोला हाक नाही मारलीत?

पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. ठसे नाहीत, रक्त नाही, बंदूक नाही. एक न मारलेली हाक! किती तासांचं नियोजन केलं असेल त्या माणसाने. टोप आणला, तिकिटं काढली, भांडणाची तालीम केली. पण घरात शिरल्यावर माणूस काय करतो, हे त्याला आठवलं नाही. आपल्याकडे नवरा कितीही घुम्या असला तरी चपला काढता काढता "आहेस का गं?" एवढं तरी म्हणतोच. माझे बाबा तर कुलूप बाहेरून लावलेलं दिसत असतानाही आधी हाक मारायचे आणि मग किल्ली शोधायचे.

माझं म्हणणं असं की सगळा चित्रपट या एका न मारलेल्या हाकेवर उभा आहे. फ्लेमिंगला माणसाच्या मनाचं सगळं ज्ञान आहे, पण संसारातली सवय नाही. कोलंबोचं उलटं. तो सारखा बायकोबद्दल बोलतो, आणि आपल्याला ती शेवटपर्यंत दिसत नाही.

तुम्हाला कसा वाटला? ज्यांना आवडला नाही त्यांनीही जरूर लिहा.

---

नाट्यवेडा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. हे मूळचं नाटक आहे, त्यामुळे माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे दोघे शाळेपासूनचे मित्र, सगळं जोडीनेच लिहिणारे. कोलंबो त्यांनी आधी १९६० मध्ये टीव्हीच्या एका थेट प्रक्षेपित तासाभराच्या खेळात आणला, तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीडने केली होती. मग त्याचं पूर्ण लांबीचं नाटक केलं, नाव हेच. १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ते उभं राहिलं. डॉक्टर झाला होता जोसेफ कॉटन, बायको अ‍ॅग्नेस मूरहेड आणि कोलंबो थॉमस मिचेल. नाटकाचा नायक खरं तर डॉक्टर. पण प्रेक्षक टाळ्या देत होते त्या गबाळ्या पोलिसाला. मिचेल त्याच वर्षाच्या शेवटी वारले आणि नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेपर्यंत पोचलंच नाही.

चित्रपट करताना कोलंबोसाठी गायक-नट बिंग क्रॉस्बीला विचारलं होतं, तो नाही म्हणाला. फॉक तेव्हा चाळिशीचा होता, लेखकांना वयाने लहान वाटत होता. आज त्याच्या जागी दुसरा माणूस डोळ्यांसमोरच येत नाही.

नाटकवाल्याच्या नजरेने बघा, उशिरा येणारी एन्ट्री हे या संहितेचं मोठं बळ आहे. अर्धा तास तुम्ही खुन्याबरोबर असता. त्याच्या खिशात, त्याच्या बॅगेत, त्याच्या भीतीत. नकळत तुम्ही त्याच्या बाजूचे होता. मग कोलंबो येतो तो पाहुणा म्हणून, आणि तुम्हालाच वाटायला लागतं की हा आता जाईल तर बरं.

"अजून एक गोष्ट" म्हणत कोलंबो दारातून परत फिरतो ना, त्याचा जन्मही नाटक लिहितानाचा. एका प्रवेशात कोलंबो निघून गेल्यावर लेखकांच्या लक्षात आलं की प्रवेश तोकडा पडतोय. तेव्हा टाइपरायटर. सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा. मग त्याला दारातूनच परत बोलावला. नाटकाची कागदपत्रं ज्याने हाताने उतरवून काढली आहेत त्याला हा कंटाळा बरोब्बर कळेल. मी तीन अंकी नाटकाच्या सहा प्रती कार्बन लावून काढल्या आहेत.

---

तळ्यात_मळ्यात

मी या धाग्यामुळे काल रात्री बघितला. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला पहिला अर्धा तास फार जड गेला. पार्टीत तो कोडी घालण्याचा खेळ, मग ते घरातलं भांडण, सगळं सावकाश. आताच्या वेब सिरीजमध्ये इतक्या वेळात तीन मुडदे पडतात.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कॅरल. नीना फॉशने काय सुंदर केलंय ते काम! तिकिटं बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघवत नाही, कारण आपल्याला माहीत असतं. आणि ती गेल्यावर चित्रपट तिला विसरूनच जातो. तिला कशाची आवड होती, तिचं कोण होतं, काही नाही. पुढचा सगळा वेळ दोन हुशार पुरुषांच्या बुद्धिबळात जातो.

---

अबोली

@तळ्यात_मळ्यात, तुमचं कॅरलबद्दलचं म्हणणं मनाला लागलं. मी तीनदा बघून हा मुद्दा मला सुचला नव्हता.

फक्त एक जोडते. ती लगेच मरत नाही. फ्लेमिंग परत येतो तेव्हा ती इस्पितळात बेशुद्ध आहे हे कोलंबो त्याला सांगतो, आणि तिथे त्या माणसाचा चेहरा बघा. बायको जिवंत आहे म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा जसा व्हायला हवा तसा होत नाही. मग ती जाते, जाताना फक्त त्याचं नाव घेते. ऐकणाऱ्यांना वाटतं प्रेमाने घेतलं. आपल्याला माहीत असतं की ती काय सांगत होती. कॅरल त्या क्षणी खुन्याचं नाव स्पष्ट सांगून जाते आणि कुणाला ते कळत नाही. माझ्यासाठी ती तिथे विसरली गेलेली नाही. पण तुम्ही म्हणता तसं, तिला याहून जास्त मिळायला हवं होतं, हेही खरं.

---

काळा_कोट

चौतीस वर्षं फौजदारी वकिली केली, त्यामुळे माझा सगळा जीव शेवटच्या प्रसंगात अडकतो.

कोलंबोच्या हातात पुरावा काय आहे ते मोजा. हाक मारली नाही, हा पुरावा होत नाही. जाताना सामान जड आणि येताना हलकं, हाही होत नाही, माणूस काहीही कारण देऊ शकतो. साक्षीदार फक्त एक, जोन. आणि जोन ही साथीदार आहे. म्हणजे जोन फुटली तरच खटला उभा राहतो. फ्लेमिंगलाही हे पुरतं ठाऊक आहे, म्हणून तो इतका निवांत.

आता तुलना करा. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम २३. त्यामुळे शेवटी पोहण्याच्या तलावाकाठी फ्लेमिंग कोलंबोसमोर जे बोलतो ते आपल्या कोर्टात तसं टिकलं नसतं. पण जोन माफीची साक्षीदार झाली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या साक्षीला बाकीचे दुवे जोडून घ्यायचे. विमानातले कर्मचारी, सामानाचं वजन, केसांचा टोप. मग ते सुटे सुटे क्षुल्लक वाटणारे धागे एकदम दोरखंड होतात. लेखकांनी कायद्याचा किती नीट विचार केला होता ते इथे दिसतं.

मला खटकतो तो स्टुडिओतला प्रसंग. कोलंबो जोनला गाठतो आणि तिच्यावर ओरडतो, तुला मोडल्याशिवाय सोडणार नाही अशा भाषेत. तिथे तो भाबडा कोलंबो नाहीसाच होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा मिरांडा निकाल १९६६ चा, म्हणजे चित्रपटाच्या दोनच वर्षं आधीचा. ताब्यात घेतलेल्या माणसाला गप्प बसण्याचा हक्क आहे हे आधी सांगायलाच हवं, असा तो निकाल. जोन ताब्यात नव्हती, हे खरं. तरीही एकट्या, घाबरलेल्या बाईवर असा दाब टाकणं मला वकील म्हणून पटत नाही. अशा दाबाखाली निरपराध माणसंही हो म्हणतात. असं हो म्हणायला लावलेली माणसं मी कोर्टात उभी राहिलेली बघितली आहेत.

---

रातराणी

काळा_कोट, +१. तो प्रसंग मलाही सहन होत नाही.

मी समुपदेशक आहे आणि मला जोनची फार कणव येते. सगळे तिला 'प्रेयसी' म्हणतात. ती आधी पेशंट आहे! मनाने खचलेली बाई डॉक्टरकडे येते, सगळं उघड करून सांगते, आणि तो तेच ज्ञान तिला बांधून ठेवायला वापरतो. आमच्या कामात पेशंटला उपचार करणाऱ्याबद्दल ओढ वाटणं ही रोज घडणारी गोष्ट आहे. ती ओढ ओळखायची, सांभाळायची आणि तिचा फायदा कधीही घ्यायचा नाही, हा आमचा पहिला धडा. हिप्पोक्रेटसच्या शपथेतसुद्धा पेशंटशी असे संबंध ठेवणार नाही असं आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. फ्लेमिंगचा पहिला गुन्हा खून नाहीच. पहिला गुन्हा त्याच्या दवाखान्यात, त्या कोचावर झालाय.

जोन विमानात दुसरीचे कपडे घालून बसते तेव्हा ते काम करणाऱ्या कॅथरिन जस्टिसचे हात बघा. चष्म्यामुळे डोळे दिसत नाहीत, म्हणून ती सगळी भीती हातात आणते.

---

पेठेतला

मला मात्र तो स्टुडिओचा प्रसंग हवाच वाटतो. कोलंबोचं भाबडेपण हे सोंग आहे हे एकदा तरी उघड दिसायला हवं होतं. नाहीतर आपण त्याला नशीबवान वेडपट समजलो असतो. पुढे मालिकेत त्याला अधिकाधिक गोड केलं. इथे तो धारदार आहे. केसही नीट विंचरलेले, कपडेही पुढच्याइतके चुरगळलेले नाहीत.

रेनकोट मात्र तोच. तो पीटर फॉकचा स्वतःचा, न्यूयॉर्कला पावसात सापडला तेव्हा विकत घेतलेला.

---

काउंटर_नंबर_७

सामानाच्या वजनाबद्दल कुणीतरी लिहावं म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते. सांताक्रूझच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर सव्वीस वर्षं उभी होते.

आताच्या पिढीला वाटेल की एवढं वजन कोण लक्षात ठेवतं. पण तेव्हा कागदी तिकीट असायचं, कार्बनच्या प्रतींचं. त्यावर सामानाचे नग आणि वजन लिहायला वेगळी चौकट असायची. जास्तीचं वजन झालं की पावती फाडायची, तिची प्रत कार्यालयात राहायची. म्हणजे माणूस खोटं बोलला तरी त्याची बॅग खरं बोलून गेलेली असायची. कोलंबो नेमका तिथेच जातो. जाताना बॅगा जड, येताना हलक्या. माणूस सुट्टीवरून येताना सहसा काहीतरी घेऊन येतो, वजन वाढतं! आमच्याकडे दुबईहून येणारी माणसं आठवा. परत येताना कमी वजन घेऊन येणारा प्रवासी आम्हालाही चमकवून जायचा.

आणि तो विमानातला भांडणाचा देखावा. मला प्रामाणिकपणे वाटतं की इथे फ्लेमिंगने अति केलं. काउंटरवर रोज शेकडो माणसं जायची, दिवसाअखेरी एकही चेहरा आठवायचा नाही. आठवायचे ते भांडणारे. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्याने भांडण केलं, आणि लक्षात राहिलं म्हणूनच कुणी मागे वळून विचारायला आलं.

---

अबोली

@काउंटर_नंबर_७, किती छान लिहिलंत! "त्याची बॅग खरं बोलून गेलेली असायची" हे वाचून मी तो प्रसंग लगेच पुन्हा लावला.

@काळा_कोट, @रातराणी, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांनंतर मला स्टुडिओतला प्रसंग पूर्वीसारखा बघता येणार नाही. तरी एक सांगते. तिथे जोन मोडत नाही. ती थरथरते, रडते, पण फ्लेमिंगला धरून राहते. कोलंबोच्या दाबाने काहीच साधत नाही. ती फुटते ती तलावाकाठी, फ्लेमिंगचे शब्द कानाने ऐकल्यावर. जोनने झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि ती गेली असं त्याला वाटतंय, समोर पाण्यातून बाईला बाहेर काढलेलं त्याने बघितलंय. आणि तो काय म्हणतो? की ती त्याला कधी हवीच नव्हती, पुढेमागे तिचाही काटा काढायचाच होता. पाण्यातून काढलेली बाई पोलिसातली असते. खरी जोन मागे उभी.

म्हणजे दाबाने नाही, फ्लेमिंगच्या खऱ्या शब्दांनी गाठ सुटली. कॅरल असो की जोन, तो घरात आल्यावर हाक मारेल असं त्याचं कुणीच नव्हतं.

---

एडिसनकर

मी १९९८ मध्ये न्यू जर्सीत आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नव्हती. केबलवर जुन्या मालिकांची वाहिनी असायची, तिथे कोलंबो लागायचा. इथल्या लोकांचं बोलणं मला फार भरभर वाटायचं, पण फॉक थांबून थांबून बोलायचा, अर्धं वाक्य सोडून द्यायचा, कपाळ खाजवायचा. मला त्याचं सगळं कळायचं.

पुढच्या वर्षी आई-अप्पा आले. अप्पांचा एक डोळा कारखान्यात लोखंडाचा कीस उडून गेला होता, तिथे काचेचा बसवलेला. फोटो काढताना नेहमी मान वळवून उभे राहायचे. एक दिवस माझ्याबरोबर कोलंबो बघताना म्हणाले, "ह्याचा उजवा खोटा आहे रे." मी म्हटलं काहीतरीच. मग कळलं की खरंच. फॉक तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता. आयुष्यभर काचेचा डोळा. त्याच डोळ्याने चार एमी पारितोषिकं या एका भूमिकेसाठी मिळवली.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यानंतर ते रोज दुपारी कोलंबो लावून बसायचे. गोष्ट समजावी लागत नसे, कारण खून कुणी केला ते सुरुवातीलाच दिसतं. "आता हा त्याला कसा धरतो ते बघायचं," एवढंच म्हणायचे. परत जायच्या आधी आम्ही फोटो काढला, त्यात ते सरळ कॅमेऱ्याकडे बघून उभे आहेत.

---

शिंपला

एडिसनकर, डोळे भरून आले.

---

नाट्यवेडा

अप्पांचं वाक्य लाख मोलाचं आहे. "आता हा त्याला कसा धरतो ते बघायचं" ही या साऱ्या प्रकाराची व्याख्याच झाली.

हा उलटा बाज लेव्हिन्सन-लिंकच्या आधीचा आहे. इंग्लंडच्या ऑस्टिन फ्रीमनने १९१२ च्या संग्रहात आधी गुन्हा दाखवून मग तपास दाखवणाऱ्या कथा लिहिल्या. आणि कोलंबोचा स्वभाव लेखकांनी सरळ डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' मधल्या पोर्फिरी पेट्रोविचवरून घेतल्याचं स्वतः सांगितलंय. तोही असाच. गप्पा मारायला येतो, भलतंच बोलतो, निघतो, आणि समोरच्याच्या मनात कुसळ ठेवून जातो.

टीव्हीसाठी हा बाज चपखल बसला. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाहिराती. रहस्यकथेत मध्येच खंड पडला की कोण कुठे होतं ते प्रेक्षक विसरतो. इथे विसरण्यासारखं काही नाही. दिग्दर्शक रिचर्ड अर्व्हिंगने प्रत्येक खंडाआधी फ्लेमिंगच्या वाटेत एकेक खडा टाकलाय. जाहिरात संपेपर्यंत तो खडा प्रेक्षकालाच टोचत राहतो.

---

पेठेतला

सगळं बोलून झालं आणि दारूच्या ग्लासांचा प्रसंग राहिला? माझ्या मते चित्रपटाचा कळस तो आहे.

फ्लेमिंगने सरकारी वकील असलेल्या मित्राकरवी कोलंबोला या तपासातून बाजूला करवलंय. कोलंबो त्याच्या दवाखान्यात येतो. बाहेर कुणी नाही. दोघं घोट घेत बसतात आणि फ्लेमिंग कोलंबोचं मन उकलून दाखवतो. तू दिसायला सामान्य, म्हणून लोकांनी तुला कमी लेखावं अशी सोय तू करून ठेवलीस, तेच तुझं हत्यार. एकही शब्द चुकीचा नाही! खुनी पोलिसाला पूर्ण ओळखतो. मग कोलंबो म्हणतो, खुनी कितीही हुशार असला तरी तो नवशिका असतो, त्याला शिकायला एकच संधी मिळते. आमचा मात्र हा रोजचा धंदा आहे.

फ्लेमिंग झालेल्या जीन बॅरीच्या हातातला ग्लास तिथे एक क्षण थांबतो. मी पाच वेळा मागे नेऊन बघितलं.

---

सदाफुली

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं, कारण धाग्याच्या मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे.

मी परिचारिका. एकवीस वर्षं रात्रपाळी केली. दिवसा मी झोपलेली असायचे, म्हणून माझा नवरा घरात आला की कधीही हाक मारायचा नाही. चपलासुद्धा हातात घेऊन यायचा, भांडं वाजू द्यायचा नाही. माझ्या घरात हाक न मारणं हीच माया होती. कोलंबो आमच्याकडे आला असता तर माझ्या नवऱ्याला संशयित ठरवलं असतं. आणि ज्या घरांमध्ये आल्या आल्या मोठ्याने हाका मारतात, त्यातल्या काही बायका मी अपघात विभागात अंगावर वळ घेऊन आलेल्या बघितल्या आहेत.

चित्रपट मला आवडला. पण हाक मारणारा तो चांगला नवरा, हे मी मान्य करणार नाही.

---

अबोली

@सदाफुली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही बरोबर आहात आणि मी घाईने लिहिलं. माझ्या घरातली सवय मी सगळ्यांची धरून चालले.

आता तुमच्या नजरेने बघितलं तर कोलंबोचं वागणं मला जास्त नीट कळतं. तो हाक मारली नाही म्हणून फ्लेमिंगला पकडत नाही. विचारतो. फ्लेमिंगकडे उत्तर तयार असतं, कोलंबो मान डोलावतो आणि पुढे जातो. तुमच्या यजमानांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की बायको रात्रपाळी करते. कोलंबोने इस्पितळात फोन करून खात्री केली असती आणि तिथेच विषय मिटला असता. फ्लेमिंगच्या उत्तरामागे तसं काही सापडत नाही, म्हणून तो परत परत येत राहतो.

---

सदाफुली

हे पटलं. धन्यवाद अबोली. यजमानांना वाचून दाखवलं, ते हसले आणि म्हणाले की चपला हातात घ्यायची सवय अजून गेलेली नाही. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

---

तळ्यात_मळ्यात

जड जातो म्हणाले होते, तरी आज परत लावला, या वेळी आईबरोबर. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, इंग्रजी बेताचं, मी मध्ये मध्ये सांगत होते. हा धागा तिने वाचलेला नाही, मीही काही बोलले नव्हते.

पार्टीच्या वेळी ती भाजी निवडत होती, अर्धं लक्ष. गळा आवळताना मेथीची जुडी खाली ठेवली. विमानातल्या भांडणाला म्हणाली, "ही बाई चालते वेगळी." फ्लेमिंग परत आला, दार उघडलं, बॅग ठेवली. कोलंबो अजून बाहेर यायचा होता. आई पडद्याकडे बघत म्हणाली, "अरे, हा बोलत का नाही काही?"

मी टीव्ही थांबवला आणि तिला विचारलं, म्हणजे काय गं. तर म्हणे, "घरात आलाय ना? मग?"

उद्यासाठी १९७१ चा 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' काढून ठेवलाय. त्यात खून करणारी बाई आहे, वकील, ली ग्रँटने केलंय ते काम. आईने वेळ विचारून ठेवली आहे, दुपारची झोप आटोपून चारला.